तांबटाचा मुलगा

स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी, कातालोनिया नावाचा प्रांत आहे. या प्रांताची भाषा कातालान. ती स्पॅनिश भाषेची बोली नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि स्वतःचे जुने वाङ्मयही आहे. बार्सिलोना हे या प्रांताचे राजधानीचे शहर व मोठे बंदर होय. या शहरात जो प्रवासी जातो, तो एका माणसाने बांधलेल्या इमारती पाहिल्यावाचून सहसा परत येत नाही. त्या इमारतींच्या भिंती लाटांसारख्या वळतात, खांब झाडांसारखे फांद्या फोडतात आणि छपरे एखाद्या प्रचंड प्राण्याच्या पाठीसारखी दिसतात. या इमारती उभारणारा स्थपती म्हणजे आंतोनी गौदी.

गौदीचा जन्म २५ जून १८५२ रोजी झाला. त्याचे घराणे रेउस या गावाच्या परिसरातले. वडील तांबट होते. पाच भावंडांत आंतोनी सर्वांत धाकटा. तांबटाचा धंदा त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. मद्य गाळण्यासाठी लागणारी तांब्याची मोठमोठी पात्रे वडील घडवीत असत. सपाट पत्रा ऐरणीवर ठेवायचा, त्यावर हातोडीचे घाव घालायचे आणि पाहता पाहता त्या पत्र्याला गोलाई, फुगीरपणा, निमुळती मान आणायची, असे ते काम होते. हे काम कागदावर रेखाटून साधत नाही. भांड्याचा आकार कारागिराला आधी मनात सर्व बाजूंनी दिसावा लागतो, मगच तो हाताला येतो. आपल्या वास्तुकलेचे मूळ वडिलांच्या या कारखान्यात आहे, असे गौदी मोठेपणी मानत असे. एखाद्या प्रसिद्ध विद्यालयाचे नाव न घेता तो तांबटाच्या घणाचे ऋण मानतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

लहानपणी आंतोनीला संधिवाताचा विकार जडला. इतर मुले धावत, झाडांवर चढत. त्याचे सांधे मात्र असे दुखत की कधी कधी चालणेही अवघड होई. मग त्याला गाढवावर बसवून इकडून तिकडे नेत असत. शाळा चुके, खेळ चुकत. उरे ते केवळ पाहणे. तो तासन्‌तास एका जागी बसून राही. गोगलगाईच्या शंखाला वेढे कसे पडतात, वेलीचा तंतू आधाराला कसा गुंडाळला जातो, झाडाचे खोड फांद्यांचा भार कसे पेलते, वाऱ्याने दगड कसा कोरला जातो, हे सारे तो पाहत असे. त्याच्या गावाजवळचे डोंगर, द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हची झाडे हाच त्याचा पहिला चित्रसंग्रह होता. निसर्गात सरळ रेषा किती थोड्या असतात, हे त्याच्या ध्यानात याच वयात आले असावे.

सोळा-सतरा वर्षांचा असताना तो पुढील शिक्षणासाठी बार्सिलोनास गेला. ते शहर त्या काळी झपाट्याने वाढत होते. १८५४ मध्ये जुना तट पाडण्यास प्रारंभ झाला होता आणि तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर रुंद, सरळ रस्त्यांचे नवे नगर आखले गेले होते. कापडाच्या गिरण्यांतून पैसा येत होता. गिरणीमालकांना नवी घरे हवी होती, आणि ती आपल्या प्रांताचा अभिमान दाखवणारी हवी होती. गौदी वास्तुकलेच्या विद्यालयात शिकू लागला व शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी नामांकित स्थपतींच्या हाताखाली आराखडे काढण्याचे कामही करू लागला. १८७६ मध्ये थोड्याच अवधीत त्याचा तरुण डॉक्टर भाऊ आणि त्याची आई, दोघेही वारली. अशा परिस्थितीत त्याने शिक्षण पुरे केले. विद्यार्थी म्हणून तो सर्वच विषयांत चमकत होता असे नाही. मन रमेल तेथे उत्कृष्ट, इतरत्र जेमतेम. १८७८ मध्ये त्याला स्थपती म्हणून पदवी मिळाली.

पहिली कामे लहान होती. बार्सिलोनाच्या एका चौकासाठी त्याने दिव्यांचे खांब तयार केले; ते आजही तेथे उभे आहेत. एका हातमोजे विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी त्याने काचेचे एक कपाट रचले व ते १८७८ च्या पॅरिसमधील मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले. ते कपाट एउसेबी ग्वेल नावाच्या धनवान गिरणीमालकाच्या दृष्टीस पडले. हातमोज्यांपेक्षा कपाटच त्याच्या मनात भरले! त्याने गौदीचा शोध घेतला आणि दोघांची मैत्री जुळली. ग्वेल रसिक होता, श्रीमंत होता, आणि मुख्य म्हणजे कलावंताच्या कामात ढवळाढवळ करणारा नव्हता. पुढे चाळीस वर्षे, म्हणजे ग्वेलच्या मृत्यूपर्यंत, हा स्नेह टिकला. ग्वेलचा वाडा, उद्यान, गिरणी-वसाहतीतील प्रार्थनामंदिर अशी अनेक कामे गौदीने केली.

१८८३ मध्ये विसेन्स नावाच्या गृहस्थासाठी गौदीने पहिले मोठे घर बांधावयास घेतले. घराची जागा पाहावयास तो गेला तेव्हा तेथे पिवळ्या फुलांचा गालिचा पसरलेला होता आणि एक मोठे ताडाच्या जातीचे झाड उभे होते. बांधकामासाठी ते सारे काढून टाकावे लागणार होते. गौदीने ती फुले चिनी मातीच्या फरश्यांवर उमटवली व भिंतींवर जडवली. ताडपत्राचा आकार घेऊन त्याने लोखंडी कुंपणाच्या जाळ्या ओतून घेतल्या. जमिनीवरून जे उपटले गेले ते भिंतीवर पुन्हा फुलले. ती फुले कोणती ठाऊक आहे? झेंडूची. आपल्याकडे दसऱ्याला ज्यांची तोरणे लागतात, तीच.

पण गौदी केवळ सजावट करणारा नव्हता. त्याचे खरे थोरपण त्याच्या एका प्रयोगात दिसून येते. ग्वेलने आपल्या गिरणीच्या कामगारांसाठी शहराबाहेर एक वसाहत वसवली होती. तिच्यासाठी प्रार्थनामंदिर बांधण्याचे काम १८९८ मध्ये गौदीकडे आले. मुलांनो, एक साखळी घ्या. तिची दोन टोके दोन हातांत धरा आणि ती सैल सोडा. ती खाली झोकून एक सुरेख वक्र रेषा तयार होईल. ही रेषा कोणी आखलेली नसते. साखळीच्या वजनाने ती आपोआप साधते. साखळीच्या प्रत्येक कडीवर केवळ ताण पडतो, कोठेही ती वाकत किंवा मोडत नाही. आता मनात असे आणा की ही साखळी आहे त्याच आकारात गोठली आणि आपण ती उलटी करून जमिनीवर उभी केली. तिची कमान होईल, आणि जेथे ताण होता तेथे आता केवळ दाब राहील. दगड ताण सोसत नाही, परंतु दाब उत्तम सोसतो. अर्थात दगडविटांच्या कमानीला याहून योग्य आकार नाही.

हे तत्त्व गौदीच्या आधीही शास्त्रज्ञांना ठाऊक होते. परंतु गौदीने एक कमान नव्हे, तर आख्खे मंदिर अशा रीतीने उलटे टांगले. त्याने छताला शेकडो दोऱ्या बांधल्या. त्या दोऱ्यांना दुसऱ्या दोऱ्या, त्यांना तिसऱ्या, असे एक अवघड जाळे विणले. जेथे जेवढा भार येणार तेथे त्या प्रमाणात शिशाचे छर्रे भरलेल्या लहान लहान पिशव्या लटकवल्या. एखादी पिशवी हलकी केली की सारे जाळे किंचित हले आणि नवा आकार घेई. मग त्याचे छायाचित्र घेऊन तो ते उलटे करी व त्यावर भिंती, खिडक्या, शिखरे रंगवी. प्रत्यक्ष मंदिराच्या एक दशांश प्रमाणावरचा हा नमुना सुमारे चार मीटर उंच होता आणि त्याच्यासाठी गौदीने दहा वर्षे खर्च केली. आज हे गणित संगणक काही क्षणांत करील. त्या वेळी ते दोऱ्यांकडून करून घेतले गेले. बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले व १९१४ मध्ये थांबले, त्यामुळे मंदिराचा फक्त खालचा भाग पूर्ण होऊ शकला. तेवढ्यानेही पाहणारा थक्क होतो. तेथील खांब तिरपे आहेत, आणि तिरपे आहेत म्हणूनच ते भार नेमका पेलतात. मध्ययुगीन चर्चच्या उंच भिंतींना बाहेरून जे दगडी टेकू दिलेले असत, ते गौदीला कुबड्यांसारखे वाटत. ज्याने बालपणी स्वतः पायांच्या दुखण्याचा अनुभव घेतला होता, त्याला ही उपमा सुचावी यात नवल नाही.

ग्वेलच्या उद्यानाची हकीकत थोडी वेगळी. तेथे टेकडीवर साठ बंगल्यांची वसाहत व्हावी अशी योजना होती. १९०० मध्ये काम सुरू झाले, पण जागा कोणी घेईना. अखेर दोनच घरे बांधली गेली व त्यांपैकी एकात १९०६ पासून खुद्द गौदी आपल्या वृद्ध वडिलांसह आणि भाचीसह राहू लागला. वसाहत फसली, परंतु उद्यान राहिले, आणि १९२६ पासून ते सर्वांना खुले आहे. तेथे ८६ दगडी खांबांवर एक विशाल गच्ची तोलून धरलेली आहे. गच्चीवर पडलेले पावसाचे पाणी झिरपून पोकळ नळांतून खांबांच्या आतून खाली उतरते व जमिनीखालच्या टाक्यात साठते. गच्चीच्या कडेने नागमोडी बाक आहे. तो फुटक्या फरश्यांच्या आणि फुटक्या कपबशांच्या रंगीबेरंगी तुकड्यांनी मढवलेला असून त्यात जुजोल या त्याच्या तरुण सहकाऱ्याचा मोठा वाटा आहे. वाकड्या पृष्ठभागावर अखंड फरशी बसत नाही, तुकडे मात्र बसतात. टाकाऊ मालाचा याहून सुंदर उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

पुढे शहरातील एकाच राजमार्गावर त्याने दोन घरे बांधली. बात्यो यांच्या जुन्या घराचे त्याने १९०४ ते १९०६ या काळात रूप पालटले. त्या घराच्या मध्यभागी उजेडासाठी सोडलेला एक चौक आहे. त्याच्या भिंतींना वर गडद निळ्या फरश्या असून खाली येता येता त्या फिकट होत जातात. वरच्या खिडक्या लहान, तर खालच्या मोठ्या आहेत. वर उजेड फार असतो, खाली कमी पोहोचतो. या युक्तीने तो सर्व मजल्यांवर सारखा वाटला जातो. दुसरे घर मिला कुटुंबाचे, १९०६ ते १९१२ मधले. त्याच्या दगडी दर्शनी बाजूत एकही सरळ ओळ सापडत नाही. शहरातील लोकांनी त्या घराची टर उडवली, त्याला दगडाची खाण असे नाव ठेवले. वर्तमानपत्रांनी ते विमाने ठेवण्याचे कोठार आहे अशी व्यंगचित्रे काढली. माळ्यावर मात्र विटांच्या सुमारे २७० कमानी आहेत, आणि त्यांना आकार आहे तो झोकलेल्या साखळीचाच. ते खाण हे नाव आजही टिकून आहे, फक्त त्यातील थट्टा गेली आहे.

गौदीच्या आयुष्यातील मुख्य कार्य अजून सांगावयाचे आहे. १८८२ मध्ये बार्सिलोनात एका मोठ्या चर्चची पायाभरणी झाली होती. साग्रादा फामिलिया, म्हणजे पवित्र कुटुंब, असे त्याचे नाव. ते कोणा राजाच्या खजिन्यातून नव्हे, तर भाविकांच्या दानातून उभे राहावयाचे होते. पहिल्या स्थपतीचे चालकांशी मतभेद झाले व त्याने काम सोडले. १८८३ मध्ये ते गौदीकडे आले. तेव्हा त्याचे वय ३१ होते, आणि पुढील ४३ वर्षे त्याने ते काम सोडले नाही.

चर्चची एक दर्शनी बाजू ख्रिस्ताच्या जन्माची कथा सांगणारी आहे. तिच्यातील मूर्तींसाठी गौदीने आपल्या भोवतीचीच माणसे व प्राणी नमुना म्हणून निवडले. कोंबड्यांना गुंगीचे औषध देऊन त्याने त्यांच्या अंगावरून प्लास्टरचे साचे काढले. बाल येशूला घेऊन मेरी व जोसेफ इजिप्तला निघाले त्या प्रसंगासाठी गाढव हवे होते. गौदीने एक साधे, कष्टाचे ओझे वाहणारे गाढव आणवले व त्याला पट्ट्यांनी अलगद उचलून त्याचा आकार घेतला. ज्या प्राण्याच्या पाठीवरून त्याचे बालपण गेले, त्याला त्याने दगडात कायमचे स्थान दिले. दोन मोठ्या खांबांच्या तळाशी दोन कासवे आहेत. एक समुद्रातले, दुसरे जमिनीवरचे.

दान कधी येई, कधी आटे. १९१४ च्या सुमारास काम जवळजवळ बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा हा विख्यात स्थपती स्वतः वर्गणी मागत दारोदार फिरला. इतर सर्व कामे त्याने बंद केली. स्वभावाने तो तापट होता, हट्टी होता. तरुणपणी त्याला उंची पोशाखाची हौस होती. ती सारी हौस आता मावळली. १९०६ मध्ये वडील गेले, १९१२ मध्ये भाची गेली, १९१८ मध्ये ग्वेल गेला. गौदी एकटा उरला. झिजलेला कोट, साधे जेवण आणि दिवसभर काम, असा त्याचा क्रम झाला. शेवटी तर तो चर्चच्या आवारातील कारखान्यातच राहू लागला.

त्याच आवारात १९०९ मध्ये त्याने गवंड्यांच्या आणि शेजारपाजारच्या मुलांसाठी एक शाळा बांधली. तीन वर्ग, पातळ विटांच्या भिंती आणि वर लाटांसारखे छप्पर. पैसे थोडे होते, म्हणून भिंती जाड करणे शक्य नव्हते. पातळ भिंत सरळ बांधली तर ती दुबळी राहते, नागमोडी बांधली तर तीच बळकट होते. पन्हळी पत्रा साध्या पत्र्यापेक्षा का वाकत नाही, ते आठवा. १९२८ मध्ये फ्रान्समधील स्थपती ल कॉर्ब्युझिए याने ही लहानशी शाळा पाहिली आणि आपल्या वहीत तिचे चित्र काढून घेतले. आपल्या देशातील चंडीगड शहराची आखणी पुढे याच ल कॉर्ब्युझिएने केली.

गौदीचे आपल्या मातृभाषेवर फार प्रेम होते. १९२३ मध्ये स्पेनमध्ये लष्करी हुकूमशाही आली आणि कातालान भाषेवर निर्बंध घातले गेले. ११ सप्टेंबर हा कातालान लोकांचा स्मृतिदिन. १९२४ साली त्या दिवशी गौदी प्रार्थनेला जात असता पोलिसांनी त्याला चर्चच्या दाराशी अडवले व स्पॅनिश भाषेत बोलण्यास फर्मावले. गौदीला स्पॅनिश उत्तम येत होते. तरीही तो कातालानमध्येच उत्तरे देत राहिला. ७२ वर्षांच्या त्या वृद्धाला काही वेळ कोठडीत ठेवण्यात आले व दंडही भरावा लागला.

नोव्हेंबर १९२५ मध्ये चर्चचा पहिला घंटामनोरा पूर्ण झाला. नियोजित मनोरे अठरा. गौदीने डोळ्यांनी पाहिला तो हा एकच. आपल्या हयातीत हे चर्च पुरे होणार नाही, हे त्याला कधीच उमगले होते. म्हणून त्याने पुढील भागांचे प्लास्टरचे मोठे नमुने करून ठेवले होते. नंतर येणाऱ्यांनी ते पाहावे आणि काम चालवावे, हा त्याचा हेतू.

७ जून १९२६ च्या संध्याकाळी गौदी नेहमीप्रमाणे पायी प्रार्थनेला निघाला असता एका ट्रामने त्याला धडक दिली व तो बेशुद्ध होऊन पडला. त्याच्याजवळ ओळख पटवणारे काहीच नव्हते. फाटक्या वेषामुळे लोकांना तो भिकारी वाटला. भाड्याच्या मोटारीवाल्यांनी त्याला नेण्यास नकार दिला. अखेर त्याला गोरगरिबांच्या रुग्णालयात पोहोचवण्यात आले. ज्या शहराचे रूप त्याने पालटले, त्या शहराच्या रस्त्यावर त्याला कोणी ओळखले नाही. दुसऱ्या दिवशी चर्चचा धर्मोपदेशक शोध घेत तेथे आला तेव्हा ओळख पटली. पण उपचारांस उशीर झाला होता. १० जून रोजी त्याचा अंत झाला. अंत्ययात्रेला मात्र लोकांची अलोट गर्दी झाली. साग्रादा फामिलियाच्या तळघरात त्याला पुरण्यात आले.

दहा वर्षांनी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. जुलै १९३६ मध्ये दंगलखोरांनी गौदीचा कारखाना जाळला. आराखडे भस्म झाले, प्लास्टरचे नमुने फोडले गेले. त्याच्या शिष्यांनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचले. हा तुकडा खांबाचा, हा खिडकीचा, असे जुळवीत त्यांनी नमुने पुन्हा उभे केले व काम पुढे नेले. पुढे विमानांचे आराखडे काढण्यासाठी वापरली जाणारी संगणकप्रणाली या कामाला मदत करू लागली. १९८४ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये गौदीच्या अनेक वास्तूंना युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. २०१० मध्ये चर्चचे आतील दालन पूर्ण होऊन पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या हस्ते ते प्रार्थनेस खुले झाले. दालनात शिरले की एखाद्या राईत आल्यासारखे वाटते. खांब वर जाऊन फांद्यांसारखे फुटतात आणि त्यांच्या मधून रंगीत काचांचा उजेड खाली पाझरतो.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मधल्या मनोऱ्यावर क्रुसाचा पहिला भाग चढवण्यात आला आणि चर्चची उंची १६२.९१ मीटर झाली. जर्मनीतील उल्मच्या चर्चला मागे टाकून ते जगातील सर्वांत उंच चर्च ठरले. या मनोऱ्याची पूर्ण उंची गौदीने १७२.५ मीटर योजलेली होती. हा आकडा त्याने सहज निवडला नव्हता. बार्सिलोनाच्या दक्षिणेस, समुद्राच्या कडेला, मोंतजुइक नावाची टेकडी आहे. माणसाने रचलेले काही देवाने घडवलेल्या टेकडीहून उंच असू नये असे त्याला वाटे, म्हणून मनोरा त्याने तिच्याहून किंचित बुटका ठेवला.